चाकातली हवा

आपल्याकडे दिवा लागला, की घर प्रसन्न होते. दिवाळीच्या दिवसांत तर दिवा न लागणे हाच अपशकुन. परंतु या जगात असाही एक दिवा आहे, की जो लागलेला पाहून माणसाच्या पोटात गोळा येतो. तो मोटार चालवणाऱ्याच्या पुढ्यात, वेगाच्या काट्याच्या आसपास कुठेतरी असतो. रंग पिवळा, आकार बसकट हंडीसारखा आणि हंडीच्या पोटात एक उद्गारचिन्ह! चाकातली हवा कमी झाली, की तो लागतो.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी माझ्या भाचीचा अमेरिकेतून फोन आला. ती मिशिगन राज्यात राहते. तिकडे बर्फाचे दिवस जवळ आले, की पुष्कळ लोक मोटारीची नेहमीची चाके उतरवतात आणि हिवाळी टायर चढवलेली दुसरी चार चाके लावतात. भाचीने अशी चार चाके स्वस्तात मिळवली, शेजाऱ्याला हाताशी धरून घरच्या अंगणातच ती बसवली आणि मोठ्या उत्साहाने गाडी बाहेर काढली. थोडे अंतर जाते न जाते, तो हा पिवळा दिवा मिनिटभर डोळे मिचकावत राहिला आणि मग जो लागला, तो विझेचना. गाडीबरोबर आलेल्या चाकांत हवेचा दाब मोजणारे सेन्सर होते. या बाहेरून घेतलेल्या चाकांत ते नव्हते.

"मामा, हवा तर बरोबर भरून घेतलीय," ती म्हणाली. "दिवा लागलेलाच राहू दे आणि गाडी चालवू, की नको? मागे दोन्ही मुलं बसतात, म्हणून विचारते. नाहीतरी तुझ्या वेळी कुठे होते असले दिवे? तुम्ही चालवतच होतात ना गाड्या?"

प्रश्न सरळ होता आणि त्याचे सरळ उत्तर मला देता आले नाही. आमच्या वेळी असले दिवे नव्हते, हे खरेच. पण मग आमच्या वेळी होते तरी काय? या प्रश्नाच्या मागे लागून मी जे वाचले आणि जे मला आठवले, ते भाचीला सांगितले. तेच आज वाचकांपुढे ठेवतो.

* * *

हजारो वर्षे चाकाचा आणि हवेचा काहीएक संबंध नव्हता. आपल्या बैलगाडीच्या चाकाला लोहार तापवून लोखंडी धाव चढवी. ती गार होताना आकसून चाकाला घट्ट बसे आणि मग काही वर्षे तिच्याकडे पाहावे लागत नसे. धाव झिजे, क्वचित निसटे. पण ती रात्रीतून "बसली" असे कधी होत नसे. फक्त गाडीत बसणाऱ्याची हाडे मात्र खिळखिळी होत.

चाकाभोवती हवेची गादी असावी, ही कल्पना प्रथम सुचली ती रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या स्कॉटिश तरुणाला. १८४५ मध्ये त्याने इंग्लंडमध्ये तिचे पेटंट घेतले, तेव्हा तो अवघ्या तेवीस वर्षांचा होता. रबर चढवलेल्या कापडाची हवाबंद नळी आणि तिच्यावर कातड्याचे वेष्टन, अशी ही रचना होती. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये त्याने आपली चाके घोडागाडीला लावून दाखवली. लोकांना आश्चर्य वाटले ते गाडीचा आवाज होत नाही याचे! पण रबर महाग होते आणि मोटार जन्माला यायची होती. शोध आला, पण तो आपल्या काळाच्या फार आधी आला. लोक त्याला साफ विसरले.

चाळीस वर्षांनी तीच कल्पना दुसऱ्या एका माणसाला नव्याने सुचली. बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाचे पशुवैद्य राहत. त्यांच्या लहान मुलाची तीनचाकी सायकल दगडी फरसबंदीवर फार हादरे खाई. १८८७-८८ च्या सुमारास त्यांनी लाकडी तबकडीभोवती रबराची नळी बसवली, तिच्यात हवा भरली आणि मुलाच्या सायकलीचे भरीव रबराचे चाक शेजारी घेऊन दोन्ही चाके अंगणात ढकलून पाहिली. भरीव चाक मध्येच आडवे झाले. हवेचे चाक पार पलीकडे गेले. १८८८ मध्ये त्यांना पेटंट मिळाले आणि दोनच वर्षांत ते रद्दही ठरले. कारण थॉमसनचा जुना कागद तोवर कुणीतरी शोधून काढला होता. असो. जगात नाव मात्र डनलॉप यांचेच राहिले. एका बापाने मुलाला हादरे बसू नयेत म्हणून चाकात हवा भरली, तेथून ही सारी कथा सुरू होते, एवढे वाचकांनी लक्षात ठेवावे.

मोटारीला हवेची चाके लावण्याचे धाडस फ्रान्समधल्या मिशेलिन बंधूंनी केले. १८९५ मध्ये पॅरिसहून बोर्दोला जाऊन परत येण्याची मोटारींची शर्यत झाली. अंतर सुमारे बाराशे किलोमीटर. मिशेलिन बंधूंची गाडी वाटेत इतक्या वेळा पंक्चर झाली, की बरोबर नेलेल्या ट्यूबांचा साठा संपत आला आणि ती ठरलेल्या मुदतीनंतर परतली. पाहणारे हसले. पण शर्यत हरलेली हीच गाडी पुढे सर्व गाड्यांना आपल्या मागे घेऊन गेली. थोड्याच वर्षांत भरीव चाकांची मोटार दिसेनाशी झाली.

मात्र या सुखाबरोबर एक नवी काळजी घरात आली. लोखंडी धाव राखणीवाचून चालत होती. हवा राखावी लागते. रबर कितीही चांगले असो, त्यातून हवा झिरपतेच. धड टायरदेखील महिन्याला साधारण एक पौंड दाब गमावतो. थंडी पडली, की आणखी कमी. दर पाचसहा अंश सेल्सिअसला सुमारे एक पौंड. (पौंड म्हणजे चौरस इंचावरचा दाब, गॅरेजमध्ये आपण "तीस पौंड हवा मार" म्हणतो तोच.) न्यूयॉर्कच्या ऑगस्ट श्रेडर यांचा व्हॉल्व्ह १८९३ च्या सुमारास आला आणि मोटारीच्या चाकावर तो आजही तसाच आहे. त्यांच्याच कारखान्याने विसाव्या शतकाच्या आरंभी खिशात मावेल असे, पेन्सिलीएवढे गेज काढले. चाकातली हवा मोजायचे साधन माणसाच्या हातात आले ते असे.

आणि हवा गेलीच तर? त्या काळच्या मोटारींना जादा चाक नसेच. वेल्समधील लानेथ्ली गावच्या डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये यावर तोड काढली. हवा भरलेला टायर चढवलेली एक नुसती कडी. ती पंक्चर झालेल्या चाकालाच बाजूने अडकवायची आणि घर गाठायचे. त्यांचे दुकान ज्या रस्त्यावर होते, त्याचे नाव स्टेपनी स्ट्रीट. म्हणून या चाकाचे नावही स्टेपनी. इंग्लंडात हा शब्द आता फारसा कुणाच्या तोंडी नाही. पण आपल्याकडे ट्रकचा क्लीनरसुद्धा "स्टेपनी काढ" असेच म्हणतो. वेल्समधल्या एका गल्लीचे नाव असे मराठी होऊन बसले आहे!

* * *

आमच्या वेळी काय होते, याचे उत्तर मला आठवणीत सापडले. लहानपणी आमच्या गावच्या स्टँडवर पहाटेची एस.टी. उभी असे. चालक खाकी कपड्यांत, डोक्याला मफलर गुंडाळून येई. गाडीत चढण्यापूर्वी तो हातात लोखंडी पहार घेऊन गाडीभोवती एक फेरी घाली आणि प्रत्येक टायरवर एकेक टोला देई. मागच्या जोडचाकांतले आतले चाक डोळ्यांना दिसत नाही. तेथे तो खाली वाकून पहार आत घाली. टणक, उसळता आवाज आला तर पुढे. "भद्द" असा मेलेला आवाज आला, की थांबून मान हलवी. आम्हा मुलांना तो पूजेचाच एक भाग वाटे. कारण त्या फेरीनंतर तो उदबत्ती लावी आणि मगच चाकाला हात घाली.

आमच्या वेळी हे होते. ज्ञान दिव्यात नव्हते. ते कानात, हातात आणि सकाळच्या एका फेरीत होते. सुकाणू जड लागले, गाडी एका अंगाला ओढू लागली, की चालक ओळखी.

मग हे ज्ञान गेले कोठे? ते कुणी चोरून नेले नाही. गाड्याच सुधारत गेल्या. सुकाणू यंत्राच्या मदतीने हलके झाले; हाताला जडपणा कळेनासा झाला. रेडियल टायर आले. त्यांचे पोट हवा पुरती भरलेली असतानाही थोडे फुगलेले दिसते. त्यामुळे डोळाही फसू लागला. रस्ते गुळगुळीत झाले, काचा बंद राहू लागल्या. चाकात दहा पौंड हवा कमी असलेली गाडी आत बसलेल्याला अगदी ठाकठीक वाटू लागली. आणि चाकात हवा कमी असणे म्हणजे नुसते पेट्रोल जास्त जाळणे नव्हे. वेगाने फिरताना टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात दबते आणि सुटते. हवा कमी असेल, तर ती जास्त दबते आणि टायर तापतो. उन्हाळ्यात, भरल्या गाडीत, तास-दोन तास हे चालले, तर आतील पोलादी तारांचे पट्टे एकमेकांपासून सुटू लागतात.

* * *

हे सारे एकत्र येऊन अमेरिकेत जे घडले, ते सांगण्यापूर्वी एका सोयरिकीची गोष्ट सांगितली पाहिजे.

हेन्री फोर्ड मोटारी करीत आणि हार्वे फायरस्टोन टायर. फोर्ड यांनी १९०६ मध्ये फायरस्टोनकडे टायरांची मोठी मागणी नोंदवली, तेथून दोघांची मैत्री जडली. एडिसनला बरोबर घेऊन हे मित्र रानावनांत तंबू ठोकून राहायला जात. १९४७ मध्ये फोर्ड यांचा नातू आणि फायरस्टोन यांची नात यांचा विवाह झाला. व्यवहाराची व्याहीगिरी झाली! या जोडप्याचा मुलगा, विल्यम क्ले फोर्ड ज्युनियर, १९९९ मध्ये फोर्ड कंपनीचा अध्यक्ष झाला. दोन्ही पणजोबांचे रक्त त्याच्या अंगात होते. फायरस्टोन कंपनी मात्र तोवर, म्हणजे १९८८ मध्ये, जपानच्या ब्रिजस्टोनकडे गेली होती.

फोर्डची "एक्सप्लोरर" ही उंच, ऐसपैस गाडी तेव्हा अमेरिकेतल्या कुटुंबांची फार लाडकी होती. आई-वडील, मुले, कुत्रा आणि सुट्टीचे सामान, सारे तिच्यात मावे. तिला टायर होते फायरस्टोनचे. फेब्रुवारी २००० मध्ये ह्यूस्टनच्या एका दूरचित्रवाणी केंद्राने दाखवले, की भर वेगात या टायरांचे वरचे कातडे सोलल्यासारखे सुटते आणि उंच गाडी कोलांट्या खाते. त्यानंतर तक्रारींचा पूर लोटला. ९ ऑगस्ट २००० रोजी फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. सरकारी नोंदीत या टायरांशी जोडलेले मृत्यू पुढे २७१ झाले. त्यांतले पुष्कळ लोक उष्ण, दक्षिणेकडच्या राज्यांत सुट्टीला किंवा घरी निघालेले होते.

मग सुरू झाले व्याह्यांचे भांडण. फोर्ड म्हणे, टायर सदोष आहेत. फायरस्टोन म्हणे, गाडीच कलंडते. सरकारी तपासाने अखेर टायरांतील दोषावर बोट ठेवले. परंतु या वादात एक बारीकशी गोष्ट बाहेर आली, ती मला सर्वांत अधिक विचार करण्यासारखी वाटते. या गाडीच्या टायरांत २६ पौंड हवा ठेवावी, असे फोर्डने लिहिले होते. फायरस्टोनचे म्हणणे पुढे ३० पौंडांचे पडले. म्हणजे एखाद्या आज्ञाधारक गृहस्थाने पुस्तकात पाहून बरोबर २६ पौंड हवा भरली, तरी तो काठावरच उभा होता. तेथून दोन-चार पौंड झिरपले, की काठ सुटला. आणि ते झिरपलेले त्याला कळणार कसे? पहारीचा टोला देणारा त्याच्या घरी कुणीच नव्हता.

मे २००१ मध्ये फायरस्टोनने फोर्डला टायर पुरवणे थांबवले आणि फोर्डने आणखी १ कोटी ३० लाख टायर आपल्या खर्चाने बदलून देण्याचे जाहीर केले. पंचाण्णव वर्षांचा ऋणानुबंध संपला.

पिवळ्या दिव्याचा जन्म या राखेतून झाला. तसे दाब ओळखणारे यंत्र अगदीच नवे नव्हते. पोर्शे कंपनीच्या "९५९" या गाडीत ते १९८६ मध्येच होते. पण ते श्रीमंतांचे कौतुक होते. १ नोव्हेंबर २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि हे कौतुक सर्वांना सक्तीचे होण्याचा मार्ग मोकळा झाला. नियम कसा असावा यावर कोर्टकचेरी झाली. अंतिम नियम एप्रिल २००५ मध्ये आला आणि सप्टेंबर २००७ पासून अमेरिकेतल्या प्रत्येक नव्या हलक्या मोटारीला हा दिवा आवश्यक ठरला. युरोपातही २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीला तो लागू झाला.

आता हा दिवा पाहतो कसा? काही गाड्यांत चाकांचे फेरे मोजले जातात. हवा कमी झालेले चाक किंचित लहान होते, म्हणून जास्त फेरे घेते, आणि यंत्र तेवढ्यावरून ओळखते. अशा गाडीला चाके बदलल्यावर नव्याने ओळख करून द्यावी लागते, एवढेच. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या मुळाशी, एक इवलासा सेन्सर असतो. त्याच्या पोटात बंद केलेली बॅटरी पाच ते दहा वर्षे टिकते आणि तो रेडिओने दाब कळवत राहतो. भाचीची गाडी या दुसऱ्या जातीची. तिच्या नव्या चाकांतून कोणीच बोलेना. म्हणून गाडीने नियमाप्रमाणे मिनिटभर दिवा मिचकावून "मला काही ऐकू येत नाही" असे सांगितले.

अमेरिकेच्या कायद्याची एक मौज येथे सांगण्याजोगी आहे. दुकानदाराने किंवा गॅरेजवाल्याने चालू असलेली ही यंत्रणा निकामी करता कामा नये. गिऱ्हाईक "सेन्सर नकोत" म्हणाले, तरी त्याने सेन्सरविना चाके बसवून देऊ नयेत, असा खुलासा सरकारने केलेला आहे. पण मालकाने स्वतःच्या हाताने आपल्या अंगणात तीच चाके बसवली, तर हा केंद्रीय कायदा त्याला अडवत नाही. भाचीला तर हे ठाऊकही नव्हते. चार पैसे वाचवताना ती नेमकी या फटीतून बाहेर पडली होती. कायद्याने मोकळी झाली. पण जबाबदारी मात्र दुकानातून उठून तिच्या पदरात येऊन बसली.

* * *

मी तिला सांगितले, "चालव, पण आता तू त्या एस.टी.च्या चालकासारखी आहेस हे समजून चालव."

दोन गोष्टी मात्र तिला कळाव्यात, असे मला वाटले. एक अशी, की हा दिवा चांगला असतानाही फार उशिरा बोलतो. अमेरिकन नियमाने त्याला बोलावे लागते ते ठरल्या दाबाच्या पंचवीस टक्के हवा गेल्यावर. तेही वीस मिनिटांच्या आत. ३२ पौंडांच्या चाकात २४ उरले, म्हणजे तो लागलाच पाहिजे. २५ असताना तो गप्प राहिला, तरी नियम मोडत नाही. तेव्हा दिवा विझलेला आहे म्हणजे हवा बरोबर आहे, असा अर्थ करणारे आपल्यापैकी सगळेच थोडे फसलेले आहेत. आणि सतत लागलेला दिवा तर त्याहून वाईट. कारण चार दिवसांत डोळ्याला त्याची सवय होते आणि मग खरोखरीच हवा गेली, तरी सांगायला त्याच्याजवळ दुसरा दिवा नसतो.

दुसरी गोष्ट आकड्याची. किती हवा भरायची, हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या कागदावर लिहिलेले असते. टायरच्या अंगावर छापलेला आकडा म्हणजे त्याने सोसण्याची कमाल मर्यादा. तो भरायचा आकडा नव्हे. आणि बाहेरून घेतलेल्या चाकांचे माप वेगळे असेल, तर दारावरचा आकडाही जसाच्या तसा चालेल असे नाही. टायरवाल्या जाणकाराला विचारून घ्यावा. २६ आणि ३० या दोन आकड्यांमधल्या चार पौंडांची किंमत अमेरिकेने एकदा मोजलेली आहे.

भाचीने एक साधे गेज विकत घेतले. दर रविवारी सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी, चाके गार असताना ती मोजू लागली. धाकटी मुलगी वहीत आकडे लिहून घेई. तिसऱ्या की चौथ्या रविवारी फोन आला. तीन चाकांत ३५ आणि मागच्या डाव्या चाकात २८. खिळा रुतलेला होता. "मामा, सेन्सर असते, तर दिवा लागला असता का रे?" तिने विचारले. मी हिशेब केला. ३५ चे तीन चतुर्थांश म्हणजे सव्वीसच्या थोडे वर. २८ ला त्याने गप्पच राहणे नियमात बसत होते. हे ऐकल्यावर ती क्षणभर काही बोलली नाही. पुढच्या हिवाळ्यासाठी तिने त्या चाकांत सेन्सर बसवून घेतले, हे उत्तमच केले. प्रवासात मध्येच हवा निघून जाऊ लागली, तर दर रविवारचे गेज काय कामाचे? पण वही मात्र बंद केली नाही.

आपल्याकडेही हा दिवा आता पुष्कळ गाड्यांत येऊ लागला आहे. जुलै २०२० मध्ये आपल्या सरकारने नियम बदलला. ट्यूबलेस टायर, पंक्चर काढण्याचे साहित्य आणि दाब सांगणारी ही यंत्रणा असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीला जादा चाक बाळगण्याची सक्ती राहिली नाही. म्हणजे लानेथ्लीच्या डेव्हिस बंधूंची स्टेपनी शंभराहून अधिक वर्षांनी एका दिव्याला आपली जागा देऊन निघाली आहे. तिच्याजागी आलेला हा पाहुणा किती बोलतो आणि कधी बोलतो, हे घरच्यांनी समजून घेतले, तर बरे.

दसऱ्याला आपण गाडी धुतो, झेंडूची माळ घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. यंदा आमच्या दारात पूजा झाल्यावर मी खाली बसून चारही चाकांची हवा मोजली. नातवाने विचारले, "आजोबा, हा पण पूजेतलाच भाग का?"

मी हो म्हणालो.